खोक्यावरचे वॉट आणि कानातला खर्ज

मंडळी, संगणकासाठी स्पीकर घ्यायचे तर दुकानात पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो खोक्यावरचा आकडा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्हीही त्याला भुललो. ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत वॉट छापलेले. घरी आणून लावले, तर तानपुऱ्याचा खर्ज गायब! या पीएमपीओची कुठलीही सर्वमान्य व्याख्या नाही, हे आम्हाला नंतर कळलं. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने व्याख्या न विचारता पैसे मोजले, बरं का.

हा खर्ज जातो कुठे? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आज आपण वापरतो त्या स्पीकरचा आराखडा 1925 साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मांडला. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदी शंकू. वीज खालीवर झाली की शंकू हलतो, हवा ढकलतो. पण शंकू पुढे सरकला की मागे पोकळी होते, आणि मागची लाट पुढे वळून येऊन पुढचीला मारते. खालच्या स्वरांत हे सर्वांत जास्त. म्हणून स्पीकरला पेटी लागते. सुरुवातीच्या चांगल्या पेट्या कपाटाएवढ्या असत.

1954 साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी, आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर, एआर-1 हा स्पीकर आणला. त्यांनी पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. छोट्या पेटीतून खोल खर्ज आला! पुढे याच कंपनीच्या एआर-3ची चाचणी फाइन आर्ट्स क्वार्टेटबरोबर झाली. वादक मध्येच थांबत आणि स्पीकर चालू होई, श्रोत्यांपैकी कित्येकांना फरक ओळखता येईना.

फुकट मात्र काही मिळालं नव्हतं. क्लॉसबरोबर पुढे केएलएच कंपनी काढणाऱ्या हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगतात: छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिघांतले दोनच मिळतात. व्हिलचर यांनी पहिले दोन घेतले आणि वीज जास्त मोजली. टेबलावरच्या मुठीएवढ्या डबीत तिन्ही देतो असं खोक्यावर लिहिलेलं असेल, तर निसर्गनियम मोडला की खरेपणा, एवढंच विचारायचं.

मग छोटे स्पीकर तरी बरे कसे वाटतात? इथे आपला कान मदतीला येतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, आणि जुना टेलिफोन 300 हर्ट्झखालचं काही नेत नसे. तरी फोनवर काकांचा आवाज काकूंसारखा झाला का? वरचे स्वरांश ऐकून मेंदू नसलेला खालचा स्वर स्वतः पुरवतो. ‘जे ऐकू आलं ते तिथे होतं का?’ हा आमच्या विषयातला प्रश्न, पण तो आज नको, वेळ कमी आहे.

संगणकाकडे येऊ. 1981च्या आयबीएम पीसीच्या पोटात फक्त ‘बीप’ करणारा लहानसा स्पीकर होता. 1989 साली साउंड ब्लास्टर कार्ड आलं, मग सीडी आली, आणि नव्वदीत टेबलावर प्लॅस्टिकच्या जोड्या आल्या. त्यांबरोबर आमचे ते हजारो वॉट.

1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर लोकांना आधी पडद्याआडून ऐकवले, मग समोर दिसत असताना. त्यांत एक लहान, स्वस्त संच होता. न दिसता त्याने बरे गुण मिळवले, दिसताच गुण घसरले. ऐकणारे याच धंद्यातले लोक होते, सामान्य गिऱ्हाईक नव्हे!

म्हणून या खेपेला पुण्यात तपकीर गल्लीत आम्ही दुकानदाराकडे पाठ करून उभे राहिलो. ओळखीच्या आवाजातलं एक भाषण आणि थोडा तबला, एवढंच सोबत नेलं होतं. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेव म्हटलं, कारण जरा मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं. पोरगा हसत होता, पण त्याने केलं. आम्ही निवडलेल्या जोडीवर दिवे नव्हते, आकडाही लहान, आणि तोही आरएमएसमधला, म्हणजे सतत पेलणाऱ्या शक्तीचा. घरी भिंतीपासून थोडे पुढे आणि कानाच्या उंचीवर ठेवले. डग्गा अजून जरा पोकळच वाजतो. व्याख्यानातला शब्द मात्र स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट पोहोचतो, आणि ‘हळू करा’ असा निरोप तिथून लगेच येतो.