कुंडांची मोजणी

ऑगस्टात पुण्या-मुंबईला गेलेल्या नाशिककराचा घरी फोन आला, की तो तब्येतीचं नंतर विचारतो. आधी विचारतो, "दुतोंड्याच्या कितीला लागलंय?" गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते पेपरात येतं, पण गावाला पूर कळतो तो या दोन तोंडांच्या मारुतीच्या अंगावरून. गुडघ्याला लागलं तर बघायला जायचं. कमरेला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या. छातीला लागलं की भांडीबाजार आणि सराफबाजारवाले माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. 1969 च्या सप्टेंबरात नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेला पाणी लागलं होतं, हे आमच्याकडे अजून कालच घडल्यासारखं सांगतात. 2008, 2016 आणि 2019 चे पूर मी स्वतः पाहिले, पण घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना कधी पूर्ण मार्क दिले नाहीत.

मी भूमी अभिलेखातला माणूस. चौतीस वर्षं भूकरमापक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत 'मोजणीवाला'. हद्द, बांध, खुणेचा दगड यांत आयुष्य गेलं. त्यामुळे एवढं नक्की सांगू शकतो, की नकाशावर नाव असलं तर ती जागा वाचण्याची काहीतरी आशा असते. नाव नसलं तर कोणीही पाय पसरतो. शेताचं जे होतं तेच नदीचंही होतं, हे कळायला मात्र मला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं.

माझ्या आजीने 'गोदावरी' हा शब्द कधी उच्चारल्याचं आठवत नाही. ती "गंगेवर जाऊन येते" म्हणायची. गोदावरी आम्हाला भूगोलाच्या पुस्तकात भेटली: उगम ब्रह्मगिरी, ता. त्र्यंबकेश्वर. पंचवटीत आमच्या घरापासून घाट हाकेच्या अंतरावर. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी मला गांधी तलावात ढकललं आणि तिसऱ्या दिवशी डबा सोडला. पोहणं आलं म्हणजे मग कुंडांची उतरंड कळायची. अमक्या कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या, तमक्यात मधोमध एकदम खोल, तिथे मोठ्या पोरांशिवाय जायचं नाही. रामकुंड, लक्ष्मण कुंड, सीता कुंड, धनुष कुंड, अहिल्या कुंड, शारंगपाणी, दशाश्वमेध, रामगया, पेशवे, खंडोबा. आम्हाला हे पाढ्यासारखं पाठ नव्हतं, पायांना पाठ होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आळीतली माणसं घमेली घेऊन गाळ उपसायला उतरत. त्याला मोहीम वगैरे म्हणत नसत. दोन दिवसांचं काम, शेवटी भेळभत्ता.

घाट एका दिवसात किंवा एका माणसाने बांधलेला नाही. रामकुंड 1696 मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधलं, पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्यात भर घातली. नारोशंकराचं रामेश्वर मंदिर 1747 चं. त्यातली घंटा वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली. सुंदरनारायण 1756 चं. अहिल्याबाईंचं नाव तर कुंडालाच आहे. ज्याला जमलं त्याने चार पायऱ्या घातल्या, नदीला आपल्यापुरता एक चौकोन आखून दिला, पण तळाला हात लावला नाही. हे त्यांनी शास्त्र जाणून केलं की पैसे पुरले नाहीत म्हणून, ते मला ठरवायचं नाही. तळ मोकळा राहिला, एवढं खरं.

ही गंगा सगळ्यांची होती असं मात्र कोणी सांगू नये. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची मिरवणूक निघाली, तेव्हा मंदिराची दारं बंद होती. मिरवणूक तशीच पुढे गोदाघाटावर आली आणि तिथे सभा झाली. जुन्या घाटाच्या आठवणी काढताना आमच्या आळीतले लोक ही पायरी गाळतात. मीही पूर्वी गाळायचो.

2003 च्या सिंहस्थाच्या आधी नदीच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. कारणं तेव्हा पटण्यासारखी होती. लाखोंची गर्दी येणार, खोल कुंडात कोणी बुडायला नको, सगळ्यांना गुडघाभर-कमरेभर सारख्या पाण्यात उभं राहता आलं पाहिजे. मी आईला स्नानाला घेऊन गेलो, तिचा पाय कुठे घसरला नाही, आणि मी घरी येऊन म्हणालो, "छान केलंय, फरशीसारखं." हे वाक्य माझ्या बायकोने लक्षात ठेवलं आहे आणि योग्य वेळी ती ते मला ऐकवते. मोजणीवाल्या माणसाला एका रात्रीत एवढ्या हद्दी पुसल्या गेलेल्या दिसल्या नाहीत! कुंडांवरून पाणी एकसारखं वाहायला लागलं आणि कुंडं होती कुठे हे नव्या पोरांना विचारायचं कारणच उरलं नाही.

2016 च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. पाडव्याच्या सुमारास टँकरने पाणी आणून ओतलं. ज्या गावात लोक अस्थी घेऊन देशभरातून येतात, तिथे टँकरचा पाइप रामकुंडात सोडलेला मी पाहिला. दुष्काळ होता, धरणात पाणी कमी होतं. सगळा दोष काँक्रीटच्या माथी मारणं बरोबर नाही. पण आपला काळा पाषाण वरून जितका घट्ट दिसतो तितका नसतो. त्याला भेगा असतात, पावसाळ्यात मुरलेलं पाणी त्या भेगांतून उन्हाळ्यात नदीच्या तळाशी वर येतं. त्यावर जाड थर ओतला तर येणारं पाणी कुठून येणार? विहिरीच्या तळाला सिमेंट करून वर पाण्याची वाट बघणाऱ्याला आपण काय म्हणू?

नदीसाठी लोक त्याआधीच उभे राहिले होते. 'गोदावरी गटारीकरण विरोधी मंच' या नावातच तक्रार काय आहे ते कळतं. 2012 मध्ये सांडपाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, 'नीरी'च्या तज्ज्ञांना बोलावलं गेलं. काँक्रीटचा प्रश्न देवांग जानी यांच्या गोदाप्रेमी मंडळींनी लावून धरला, आणि त्यांचं हत्यार काय होतं? घोषणा तर होत्याच, पण मुख्य म्हणजे जुना सिटी सर्व्हेचा नकाशा. नदीच्या पात्रात कुंडं कुठे कुठे होती, किती होती, त्यांची नावं काय. आकडा निघाला सतरा. ज्या दिवशी मी ती बातमी वाचली त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नाही. असले नकाशे मी आयुष्यभर हाताळले होते. कापडावर चिकटवलेले, घडीवर फाटलेले, नदी फिकट निळी. वाड्याच्या भिंतीचा अर्धा फूट इकडे की तिकडे यासाठी मी त्यांच्यावर भिंग धरून तासन् तास बसलो. निळ्या भागाकडे माझी नजर गेली नाही, कारण त्यासाठी कोणी मोजणीची फी भरली नव्हती.

पुढे काँक्रीट काढायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पहिल्या कुंडांच्या नावांत एक होतं 'अनामिक'. म्हणजे सतरांतल्या एका कुंडाचं नाव हरवलं होतं आणि तरी कोणीतरी त्याला मोजणीतून वगळलं नाही. नाव माहीत नाही असं लिहून जागा राखून ठेवली. कारकुनी पेशाबद्दल मला फारसा अभिमान नाही, पण त्या अज्ञात कारकुनाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

ब्रेकर चालू असताना मी रोज संध्याकाळी जाऊन उभा राहायचो. काँक्रीटचा तुकडा उचलला की खाली चिकट काळी माती, त्यात प्लॅस्टिकच्या चिंध्या, नाणी, आणि मग दगड. एका खड्ड्यात रात्रीतून पाणी जमलं. सकाळी तिथे हळद-कुंकू पडलेलं. "झरा फुटला!" लोक म्हणत होते. मी खिशातून सुतळी काढली, खडा बांधला आणि सोडून पाहिलं. सव्वातीन फूट. नदीचं पाणी तिथून आठ-दहा पावलांवर होतं, ते बाजूनेही झिरपलं असेल. एक बाई रागावल्या, "काका, तुम्हाला झरा नकोय का?" हवा होता हो. म्हणून तर सुतळी घेऊन गेलो होतो. खुणेची पायरी धरून मी त्या खड्ड्याचं पाणी पुढे बावीस दिवस मोजलं. नदी उतरत गेली, खड्डा त्या मानाने उतरला नाही. याचा अर्थ काय ते जाणकारांनी सांगावं. मी आकडे वहीत ठेवले आहेत.

रविवारी सकाळी घाटावर वीस-पंचवीस जण जमतात. कॉलेजची पोरं जास्त. निर्माल्य, देवांच्या फुटक्या तसबिरी, कपडे, पाणवेली. पाणवेली ओढून काढणं हे सगळ्यात वाईट काम, कारण ओली वेल दगडासारखी जड लागते आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. गणपतीत 'देव द्या, देवपण घ्या' म्हणत हीच पोरं मूर्ती मागून घेतात. मला ओढणं जमत नाही, मी पायरीवर बसून सांगतो, "तू उभा आहेस ते दशाश्वमेध. दोन पावलं मागे हो, तिथे काठ होता." आधी हसायचे, आता स्वतःच विचारतात. मात्र वरच्या बाजूने गटार येतच आहे. गोदेला मिळणारी वाघाडी, जिला पोथ्यांत वरुणा म्हणतात, ती काय घेऊन येते ते नाकालाच कळतं. अरुणा तर रस्त्याखाली गेली. नासर्डीचं बारसं करून नंदिनी ठेवलं, पाणी नासर्डीचंच राहिलं. नावाने जागा वाचते असं मी वर म्हणालो, ते एवढ्यापुरतं मागे घेतो.

2027 चा सिंहस्थ समोर आहे. पुन्हा गर्दी, पुन्हा घाई, पुन्हा निविदा. अशा वेळी कुंडाचा जुना काठ नेमका कुठे होता आणि पायऱ्या किती होत्या हे दाखवायला नकाशा पुरत नाही, नकाशाला खोली नसते. फोटोला असते. म्हणून ज्यांच्या घरी 2002 च्या आधीचे घाटावरचे फोटो आहेत, मुंजीनंतरचे, दशक्रियेचे, पोहायला गेलेल्या पोरांचे, त्यांनी ते दिवाळीच्या आवराआवरीत टाकू नयेत. मागे साल लिहावं आणि रविवारी सकाळी सात वाजता दुतोंड्या मारुतीपाशी घेऊन यावेत. मी तिथे असतो.