दोन रंगांचा सिनेमा
भाट्याच्या किनाऱ्यावरचा फोटो ‘सिनेमासारखा’ दिसावा म्हणून हल्ली त्यातल्या सावल्या निळसर-हिरव्या आणि उजेड नारिंगी करतात. अशी रंगजोडी एके काळी हौस नव्हती, मर्यादा होती.

कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने १९३३ साली व्ही. शांतारामांचा ‘सैरंध्री’ रंगीत केला. त्यातल्या बायपॅक पद्धतीत कॅमेऱ्यात दोन फिल्म चिकटून धावत. एक निळा-हिरवा प्रकाश टिपे, दुसरी तांबडा. प्रती जर्मनीत तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

असे का व्हावे? आम्ही रत्नागिरी हापूसच्या फोटोतल्या हिरव्या व निळ्या घटकांची सरासरी काढून दोन्ही सारखे केले. पिवळा आंबा गुलाबी झाला! वर्गात करून पाहा: दोन रंगांत जग मावत नाही.