जर्मनीत लिमिट नाही, मग नेवासा फाट्यावर कशाला?

पोस्ट जरा लांब आहे, पण उसाचा गाळप हंगाम तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच लिहितोय.

हायवेवरच्या वेगाचा विषय निघाला की आपल्याकडं एक वाक्य ठरलेलं असतं. "तिकडं जर्मनीत लिमिटच नाही, तरी लोक नीट चालवतात!" हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आपल्या फाट्याच्या कामाचं आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात इंग्लंडपासून. तिथला १८६५ चा कायदा असा होता: रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनानं गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढंच जायचं, आणि पुढं एक माणूस लाल निशाण घेऊन पायी चालणार. नंतर मोटारी आल्या, मर्यादा वाढत गेली, आणि १९३० मध्ये तर मोटारींवरची मर्यादाच काढून टाकली. पण १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ३० मैलांची मर्यादा परत आणावी लागली. १९५९ साली एम-वन हा मोठा मोटरवे सुरू झाला, त्यावरही मर्यादा नव्हती. १९६५ च्या नोव्हेंबरात दाट धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्या. डिसेंबरात चार महिन्यांच्या बोलीवर ७० मैलांची, म्हणजे साधारण ११२ किलोमीटरची मर्यादा लावली. १९६७ मध्ये ती कायम झाली आणि आजही तीच आहे.

आता जर्मनी. कोलोन ते बॉन हा ऑटोबान १९३२ साली खुला झाला. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या सरकारनंही ताशी १०० ची मर्यादा लावली होती. लोक आणि मोटारवाल्यांची संघटना खवळली, आणि १९७४ च्या मार्चमध्ये ती उठवावी लागली. तिच्या जागी १३० चा 'सल्ला' आला, तो आजपर्यंत आहे. बऱ्याच लांबीवर सक्तीची मर्यादा नाही हे खरंच. पण १३० च्या वर असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी भरपाईचा काही भार तुमच्यावर येऊ शकतो.

आणि बाकीचे नियम ऐका. जी गाडी ताशी ६० च्या वर जाऊच शकत नाही, तिला ऑटोबानवर प्रवेश नाही. सायकल नाही, ट्रॅक्टर नाही, पायी माणूस नाही. अवजड ट्रकला ८० ची मर्यादा आहे. ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचा (तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात) आणि झाला की परत उजव्या लेनमध्ये यायचं. वाहतूक तुंबली की मधे ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी ठेवायची, नाहीतर दंड. लिमिट नसण्याची सोय या सगळ्या शिस्तीवर उभी आहे.

शेजारच्या देशांतही आकडे असेच गरजेप्रमाणं ठरलेत. फ्रान्समध्ये १३०, पण पाऊस असला की ११०. नेदरलँड्समध्ये १३० होती, ती २०२० मध्ये नायट्रोजन प्रदूषणापायी दिवसा १०० वर आणली. कुठं धुकं, कुठं तेल, कुठं हवा. रस्त्यावर काय चाललंय ते बघून आकडा बदलत आलाय.

आपल्याकडं २०१८ साली केंद्र सरकारनं मोटारींसाठी एक्स्प्रेस-वेवर १२० आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० अशी कमाल मर्यादा काढली. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून, कोपरगाव तालुक्यातून जातो. तिथं १२० ला काही अर्थ आहे, कारण रस्ता बंदिस्त आहे आणि दुचाकीला, ट्रॅक्टरला प्रवेश नाही. तिथली अडचण शिस्तीची, ८० नं चालणारा ट्रक उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसतो ही.

पण आपला नगर–संभाजीनगर रस्ता? चौपदरी आहे, दुभाजक आहे, म्हणून गाडीवाला एक्स्प्रेस-वेच्या जोशात येतो. आणि त्याच रस्त्यावर घोडेगावच्या बाजाराला निघालेला कांद्याचा पिकअप, शनिशिंगणापूरला पायी चाललेली माणसं, वडाळ्याला दुभाजकाच्या फटीतून वळणारी मोटारसायकल, आणि भेंड्याच्या नाहीतर सोनईच्या कारखान्याकडं निघालेला दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर.

हिशोब करून बघा. गाडी १०० नं, ट्रॅक्टर २० नं. फरक ८० चा, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. ट्रॉलीला मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि डिपरवर ती ६० मीटरवर दिसली, तर हातात तीन सेकंदही नाहीत. त्यातलं एक सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतं. ड्रायव्हर कितीही पट्टीचा असू द्या. आणि ट्रॅक्टरवाल्यालाही दोष देऊन भागत नाही, ऊस न्यायला त्याला दुसरा रस्ता आहे कुठं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जर्मनीची बरोबरी करायची तर हळू आणि जोरात चालणाऱ्या वाहनांना वेगळं करा, फाट्यांवर सलग सर्व्हिस रोड द्या. ते होईपर्यंत घोडेगाव, वडाळा, नेवासा फाटा आणि प्रवरासंगम इथं वेग कमी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणं राज्य सरकार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा ठरवू शकतं, पण अधिसूचना काढून आणि तसे फलक लावून. म्हणजे मागणी लेखी आणि जागेच्या नावासकट पाहिजे. आणि कारखान्यांनी ट्रॉलीला रिफ्लेक्टर असल्याशिवाय गव्हाणीवर नंबर लावू नये. हे तर उद्यापासून करता येईल, त्याला अधिसूचना लागत नाही.

ग्रामपंचायतींचे ठराव हंगामाआधी झाले तर उपयोग. तुमच्या गावाजवळची धोक्याची जागा कमेंटमध्ये लिहा, नाव आणि खूण सांगा. सगळ्या जागांची एकच यादी करून निवेदनाला जोडू.