सामाईक कोड कोणाचा? केव्हीएममधल्या वाटणीचा इतिहास

ऑपरेटिंग सिस्टिमवर संशोधन करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे "कोड वाच". सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. आज आपल्याला दिसतो तो कोडचा सगळ्यात अलीकडचा फोटो. एखादी फाईल याच डिरेक्टरीत का आहे, आधी कुठे होती, कोणी आणि का हलवली, हे त्या फोटोत दिसत नाही. आजच्या लेखात याचं एक उदाहरण घेऊ. लिनक्स कर्नलमधला व्हर्च्युअलायझेशनचा थर म्हणजे केव्हीएम. त्यातला प्रोसेसर-विशिष्ट कोड सामाईक कोडपासून वेगळा कसा होत गेला, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. केव्हीएममुळे लिनक्स कर्नल स्वतःच हायपरव्हायझर बनतो. क्यूईएमयूसारखा प्रोग्रॅम कर्नलला विनंत्या करतो: एक आभासी मशीन तयार कर, तिला एक प्रोसेसर दे, एवढी मेमरी दे, आता चालव. या विनंत्या कुठल्याही प्रोसेसरवर साधारण सारख्याच असतात. पण 'चालव' म्हटल्यावर नेमकी कुठली सूचना द्यायची, कुठली रजिस्टर्स जपून ठेवायची, पाहुण्या मशीनची मेमरी कशी भाषांतरित करायची, हे प्रोसेसरवर ठरतं. पहिला भाग सामाईक, दुसरा विशिष्ट. कागदावर एवढं सोपं आहे. प्रत्यक्षात ही रेघ कुठे मारायची, हे सुरुवातीला कोणालाच पूर्ण दिसत नव्हतं.

ऑक्टोबर २००६ मध्ये क्यूमरानेट कंपनीतल्या अवी किविटी यांनी केव्हीएम जाहीर केलं. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर ते कर्नलमध्ये आलंसुद्धा. तेव्हा सगळा कोड 'ड्रायव्हर्स/केव्हीएम' या एकाच डिरेक्टरीत होता आणि तो फक्त एक्स८६ साठी होता. वेगळेपणा मात्र तेव्हाही होता. इंटेल आणि एएमडी या दोघांच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सूचना वेगळ्या, म्हणून प्रत्येकाची फाईल वेगळी होती आणि मधे फंक्शन पॉइंटर्सचं एक स्ट्रक्चर होतं. त्याचं नाव बघा: 'केव्हीएम_आर्च_ऑप्स'. आर्च म्हणजे आर्किटेक्चर. पण इंटेल आणि एएमडी ही काही दोन आर्किटेक्चर्स नव्हेत, दोन्ही एक्स८६च. त्या वेळी डोळ्यांसमोर तेवढाच फरक होता, म्हणून त्यालाच ते नाव मिळालं.

२००७ च्या उत्तरार्धात बाहेरचे लोक आले. आयबीएमच्या लोकांना केव्हीएम एस३९० मेनफ्रेमवर आणि पॉवरपीसीवर हवं होतं. इंटेलच्याच लोकांना ते इटॅनियमवर हवं होतं. आणि मग लक्षात आलं की 'सामाईक' समजल्या जाणाऱ्या मुख्य फाईलमध्ये एक्स८६ ठायी ठायी भरलेलं आहे. सामाईक हेडरमधल्या स्ट्रक्चरमध्ये एक्स८६ च्या रजिस्टर्सची नावं होती. पोर्टमार्फत चालणारं इनपुट-आउटपुट होतं.

मेमरीचं तर आणखी वेगळं. इंटेलच्या सुरुवातीच्या चिप्समध्ये दुसऱ्या पातळीच्या पेज टेबलची सोय नव्हती, त्यामुळे केव्हीएमला पाहुण्याच्या पेज टेबलांची एक सावली-प्रत स्वतः सांभाळावी लागे. त्यासाठी मोठा, गुंतागुंतीचा कोड होता. मेनफ्रेमला त्याचा काही उपयोग नव्हता. आयबीएमकडे १९७२ च्या व्हीएम/३७० पासून आभासी मशीनची परंपरा, आणि एस३९० वर पाहुण्याला चालवण्यासाठी हार्डवेअरची स्वतंत्र सूचनाच आहे. उलट पॉवरपीसी ४४० या एम्बेडेड चिपमध्ये व्हर्च्युअलायझेशनसाठी हार्डवेअरची मदतच नव्हती. तिथे पाहुणा कर्नल साध्या युजर मोडमध्ये चालवून त्याची प्रत्येक विशेषाधिकाराची सूचना अडवावी लागे. एकच काम, तीन टोकांच्या तीन पद्धती.

मग वाटणी सुरू झाली. ती एका दणक्यात झाली नाही. एक-एक फंक्शन उचलून एक्स८६ च्या नव्या फाईलमध्ये नेलं गेलं. सामाईक स्ट्रक्चरमध्ये 'आर्च' नावाचं एक फील्ड ठेवलं गेलं, त्यात काय भरायचं ते प्रत्येक आर्किटेक्चरने ठरवायचं. सामाईक कोड 'केव्हीएम_आर्च' ने सुरू होणारी फंक्शन्स बोलावणार, आणि ती प्रत्येकाने आपापल्या घरी लिहायची. जुन्या 'केव्हीएम_आर्च_ऑप्स'चं नाव बदलून 'केव्हीएम_एक्स८६_ऑप्स' झालं. एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये जुनी डिरेक्टरी मोडली. सामाईक भाग 'व्हर्ट/केव्हीएम'मध्ये गेला, विशिष्ट भाग 'आर्च/एक्स८६/केव्हीएम'मध्ये. लगेच जुलैमध्ये, २.६.२६ बरोबर, इटॅनियम, एस३९० आणि पॉवरपीसी तिघेही आत आले.

इथे एक बारकावा आहे, तो सुटू देऊ नका. इंटेल-एएमडीसाठी फंक्शन पॉइंटर्स, पण आर्किटेक्चर्ससाठी साधी नावाने बोलावलेली फंक्शन्स, असं का? एक्स८६ चा एकच तयार कर्नल इंटेलवरही चालतो आणि एएमडीवरही, म्हणजे निवड चालू मशीनवर करावी लागते. आर्किटेक्चर मात्र कंपाईल करतानाच ठरलेलं असतं. फरक कधी ठरतो, यावरून तो कोडमध्ये कसा मांडायचा हे ठरलं.

इथवरची गोष्ट सरळ आहे: गोंधळ होता, मग व्यवस्था आली. पण इतिहास पुढे वाचला की ही सरळ रेघ टिकत नाही.

आपल्याकडे भावाभावांत शेत वाटलं तरी विहीर सामाईक राहते. एका भावाने जमीन विकून गाव सोडलं की तीच विहीर पुन्हा एकाची होते. विहिरीत काही बदललेलं नसतं. केव्हीएममध्ये हेच झालं. आयओएपिक या इंटरप्ट कंट्रोलरचा कोड एक्स८६ आणि इटॅनियम दोघांना लागत होता, म्हणून तो सामाईक डिरेक्टरीत होता. इटॅनियमचं केव्हीएम लिनक्स ३.१९ मध्ये, २०१५ च्या सुरुवातीला, काढून टाकलं गेलं. वाटेकरी एकच उरला आणि ती फाईल परत एक्स८६ च्या घरी गेली.

आर्मची गोष्ट तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण तिची सुरुवात विद्यापीठात झाली. कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करणारे क्रिस्टोफर डॉल यांनी जेसन नीह यांच्यासोबत केलेलं काम एप्रिल २०१३ मध्ये लिनक्स ३.९ मध्ये आलं, ३२-बिट आर्मसाठी. त्याच वर्षी ६४-बिटही आलं. दोघांना लागणारा कोड आधी ३२-बिटच्या डिरेक्टरीत राहिला आणि ६४-बिट तो तिथून उसना घेत असे. २०१७ मध्ये तो 'व्हर्ट/केव्हीएम/आर्म'मध्ये गेला. २०२० मध्ये ३२-बिट आर्मचा यजमान म्हणून आधार संपला, आणि तोच कोड ६४-बिटच्या डिरेक्टरीत कायमचा राहायला गेला. सात वर्षांत तीन पत्ते.

उलट दिशेनेही प्रवास होतो. कर्नलने मेमरीची पानं हलवली की केव्हीएमने पाहुण्याच्या मेमरीतला नेमका कुठला तुकडा शोधायचा, हे काम बरीच वर्षं वेगवेगळी आर्किटेक्चर्स आपापल्या कोडमध्ये करत होती. २०२१ मध्ये, ५.१३ बरोबर, ते शोधणं सामाईक कोडमध्ये आलं.

तर संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? 'सामाईक' हा कोडचा अंगभूत गुण नाही. त्या क्षणी त्याचे वाटेकरी किती आणि कोण, यावर तो ठरतो. प्रबंधात "अमुक रचना आर्किटेक्चर-निरपेक्ष आहे" असं वाक्य आजच्या डिरेक्टरीच्या नावावरून लिहिलं, तर एखादा परीक्षक सहज विचारेल: कधीपासून? कोणाकोणासाठी? याचं उत्तर फाईलमध्ये नाही, तिच्या हालचालींमध्ये आहे.

एक व्यावहारिक सूचना. गिटमध्ये एका फाईलचा लॉग साध्या पद्धतीने काढला तर तो नाव बदललं तिथे थांबतो आणि फाईल तिथेच जन्मली असं वाटतं. 'फॉलो' हा पर्याय दिला की तो मागच्या पत्त्यावर जातो. आपल्या विषयातली एकच फाईल घ्या, तिचे सगळे पत्ते तारखांसह वहीत लिहा, आणि प्रत्येक स्थलांतराच्या कमिटमध्ये कारण काय दिलंय ते वाचा. आठवडाभराचं काम आहे. पण साहित्य-समीक्षेचं प्रकरण लिहायला बसाल तेव्हा तुमच्याकडे इतरांच्या पेपरमध्ये न सापडणारे दोन-तीन मुद्दे तरी नक्की असतील.