सेबाइनची उघडी खिडकी

नवा स्पीकर दुकानात झकास वाजतो. घरी आणला की शब्द एकमेकांत मिसळतात, बास एका कोपऱ्यात ढमढम करतो आणि पलंगावर बसलं की गायब. आपण स्पीकरला शिव्या घालतो. आज ज्या माणसाची गोष्ट सांगतोय, त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं की स्पीकरबरोबर आपण खोलीही ऐकत असतो.

१८९५ साल. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातल्या व्याख्यानगृहात प्राध्यापक बोलायला लागले की मुलांना काही कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्यात बोलणारा दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला! मग हे काम पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या वॉलेस सेबाइनवर सोपवलं गेलं. वय वर्षं फक्त २७.

आवाज मोजणारं मीटर त्याच्याकडे नव्हतं. होती ती सेकंदाला ५१२ कंपनं देणारी ऑर्गनची नळी, वेळ नोंदवणारं यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदवायचा. बाहेरची वर्दळ थांबावी म्हणून हे सगळं मध्यरात्रीनंतर. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांची कुशन्स मदतनीसांसोबत उचलून आणायची, मोजमाप झालं की सकाळच्या आत परत नेऊन ठेवायची.

रिकाम्या हॉलमध्ये नळीचा आवाज ५.६२ सेकंद टिकत होता. सगळ्या खुर्च्यांवर कुशन्स ठेवल्यावर २.०३ सेकंद. मग वाटा, व्यासपीठ, मागची भिंत, सगळं झाकलं, तेव्हा १.१४ सेकंद. गंमत पुढे आहे. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात आणि त्याने आकडे बदलतात, हे त्याच्या लक्षात आलं. पठ्ठ्याने काही महिन्यांची मोजमापं बाजूला सारली आणि पुढे दरवेळी तेच कपडे घालून प्रयोग केले.

मला सगळ्यात आवडतं ते त्याचं माप. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून उघडी खिडकी म्हणजे शंभर टक्के शोषण. बाकी प्रत्येक वस्तू त्याने तिच्याशी ताडून पाहिली. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, एकूण शोषणाने भागा. मिळतो तो घुमण्याचा काळ, म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा लाखांश उरायला लागणारा वेळ. याच ज्ञानावर त्याने बोस्टनच्या सिम्फनी हॉलसाठी सल्ला दिला. १९०० साली उघडलेला तो हॉल आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

आता आपल्या घरात या. ३ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब, ३ मीटर उंच, नुसती फरशी आणि प्लास्टर असलेली रिकामी खोली. पृष्ठभाग ३ टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर सूत्राने घुमण्याचा काळ २.८ सेकंद येतो. दीड चौरस मीटरची खिडकी उघडा, तो १.६ वर येतो. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट हेच काम करतात. मी हा भाग रेकॉर्ड करताना मागे कापसाची गादी उभी केली आहे ती त्यासाठीच.

यात फक्त गाण्याची मजा पणाला लागलेली नाही. कमी ऐकू येणारी आजी टीव्हीचा आवाज वाढवते, तरी तिला संवाद कळत नाहीत, कारण आवाजाबरोबर घुमणंही वाढतं. उघड्या भिंतींच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाचं तेच होतं. आपण म्हणतो, लक्ष नाही त्याचं!

मग फोनच्या माइकने खोली मोजून स्पीकर 'दुरुस्त' करणारी सोय? तिचा उपयोग आहे, विशेषतः बाससाठी. वर सांगितलेल्या खोलीत लांबीच्या दिशेने साधारण ४८ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो. पडदा त्याला रोखू शकत नाही. खालचे सूर मऊ वस्तूंत कमी शोषले जातात, हेही सेबाइनने पुढे मोजलं होतं. तो फुगवटा इक्वलायझर कापू शकतो. पण जिथे परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात, तिथे बास कितीही वाढवा, खड्डा भरत नाही. तिथे स्पीकर नाहीतर स्वतःची बसायची जागा फूटभर सरकवायची. आणि घुमणं? खोलीत सुटलेला आवाज कुठलंही ॲप पिऊन टाकत नाही. ते काम कापडाचं, कापसाचं आणि माणसांचं.

तेव्हा नवा स्पीकर ऑर्डर करण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. शेपटी लांब ऐकू आली, तर पहिला खर्च सतरंजीवर करा. भेटू पुढच्या भागात!