तमाशा-फडातील वादक

महाराष्ट्रात गावोगाव फिरून तमाशाचे प्रयोग करणाऱ्या ढोलकी-फडांतील वाद्यवादक व झील धरणारे सुरते यांचा वर्ग. एका ठिकाणी स्थिर राहून थिएटरात कार्यक्रम करणाऱ्या संगीत बारीहून ढोलकी-फड भिन्न असतो. प्रवास हा त्याचा स्थायिभाव असून त्यातील वादकाचे वर्षातील बहुतेक महिने वाटेवरच जातात. तमाशाविषयीच्या लेखनात शाहीर, नर्तकी व सोंगाड्या यांना ठळक स्थान मिळाले. ज्यांच्या वाद्यांवर प्रयोग उभा राहतो, त्या वादकांची नोंद मात्र क्वचितच झाली.

फडाच्या पारंपरिक वाद्यमेळात ढोलकी, हलगी, तुणतुणे व मंजिरी यांचा समावेश होतो. पेटी, क्लॅरिनेट यांसारखी वाद्ये त्यात पुढे आली व अलीकडील काळात विजेवर चालणाऱ्या वाद्यांचीही भर पडली. प्रयोगाचा आरंभ ढोलकी व हलगी यांच्या जुगलबंदीने होतो. तिचा नाद ऐकून वस्त्यावाड्यांवरील लोक गोळा होतात. मग गण, गौळण, बतावणी, लावणी व वग असा क्रम चालतो. ढोलकीवाला वाद्य कमरेला बांधून उभ्यानेच वाजवितो व नर्तकीच्या पदन्यासाबरोबर पुढेमागे सरकतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी उघड्या माळावरील शेवटच्या माणसापर्यंत सूर पोहोचविणे आवश्यक असे. उंच पट्टीत ध्रुपद उचलून धरण्याची सुरत्यांची रीत या गरजेशी सुसंगत आहे. हिवाळ्यातील दवाने हलगीचे कातडे सैल पडते. ते शेकण्यासाठी रंगमंचाच्या मागे शेकोटी पेटवावी लागते.

उत्तर पेशवाईत राम जोशी (१७६२–१८१२), अनंत फंदी (१७४४–१८१९), होनाजी बाळा प्रभृती शाहिरांच्या काळी तमाशाला दरबारी व सरदारी आश्रय होता. पेशवाई बुडाल्यावर तो आटला व फडांना ग्रामीण प्रेक्षक आणि जत्रा यांच्यावर अवलंबून राहणे भाग पडले. फिरतीचे वाढते महत्त्व या स्थित्यंतराशी निगडित आहे. वादकांपैकी पुष्कळ जण महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील होते. हलगी वाजविणे हे मूळचे गावकीतील काम. ज्याला गावात वेशीबाहेर राहावे लागे, त्याच्याच वाद्यावर रात्री सारा गाव डोलत असे. ही विसंगती या व्यवसायाच्या इतिहासात सतत आढळते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्यासारखा ब्राह्मण कवी तमाशात आला, तेव्हा त्याला स्वजातीय समाजाचा रोष पतकरावा लागला, ही याच स्थितीची दुसरी बाजू होय.

फडाचा हंगाम सामान्यतः दसऱ्यास सुरू होऊन वैशाखात संपतो. हंगामाच्या पूर्वार्धात तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात. चैत्र-वैशाखात ग्रामदैवतांच्या जत्रांच्या सुपाऱ्या येतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात व गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवितात. मराठवाड्यात माळेगाव (जि. नांदेड) येथील खंडोबाची यात्रा फडांचे मोठे केंद्र आहे. याउलट छत्रपती संभाजीनगर–अहिल्यानगर मार्गावरील वाळूजलगतच्या पंढरपुरात आषाढी एकादशीस मोठी यात्रा भरते. परंतु त्या वेळी पावसामुळे फड मोडलेले असतात व वादक आपापल्या गावी मजुरी करीत असतात.

पूर्वी हा प्रवास पायी व बैलगाडीने होई. पुढे मालमोटारी आल्या. जत्रेत रात्रभर खेळ, सकाळी हजेरीचा कार्यक्रम व लगेच पुढील गाव असा क्रम असल्याने झोप बहुधा वाहनातील सामानावरच होते. स्वयंपाक सामाईक असतो. पावसाळ्यातील चरितार्थासाठी वादक मालकाकडून ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम घेतो व ती हंगामात फेडतो. या रकमेने तो पुढील वर्षासाठी त्याच फडाशी बांधला जातो. मालकही बहुधा कर्ज काढूनच उचल देत असल्याने एका हंगामाचे अपयश साऱ्या फडाला बुडविते. भाऊ नारायणगावकर यांची कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. नामवंत कलावतीची ही गत, तर अनाम वादकाची स्थिती सहज कल्पिता येईल.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली व नंतर ती अटींसह उठली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने या प्रदेशाला ती लागू नव्हती. याच वाद्यमेळाचा उपयोग लोकजागृतीसाठीही झाला. सत्यशोधक व आंबेडकरी जलसे, तसेच अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक (१९४४) यांनी ढोलकी-तुणतुण्यालाच नवा आशय दिला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर खेडोपाडी फिरून आंबेडकरी गीते गायिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या व्यवसायाचा पाया खचत गेला. चित्रपट व दूरचित्रवाणी यांनी प्रेक्षक ओढला. वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला व तेथे औद्योगिक वसाहत वाढली; पाळीच्या कामाला बांधलेल्या कामगाराला पहाटेपर्यंत वग पाहणे परवडणारे नसते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणले व रात्रभराचा खेळ आखडला. त्याची पहिली झळ जुगलबंदीला व वगाला बसली. चित्रपटगीतांवरील नृत्ये मात्र टिकली. करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी जत्रा भरल्या नाहीत. उचल फिटली नाही व अनेक वादकांनी वाद्ये ठेवून मजुरी पतकरली.

शासनाने विठाबाईंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आहे. तथापि ढोलकीवादनाची विद्या ग्रंथांतून नव्हे, तर फडात वडीलधाऱ्यांच्या मागे बसून, रात्रीमागून रात्री ऐकून आत्मसात होत असते. फडांची फिरती थांबल्यास या वादकांची केवळ उपजीविकाच नव्हे, तर त्यांची पाठशाळाही बंद पडते.