अवयवदानाच्या नोंदवहीची कुळकथा

१९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा उघडला की पहिल्या कलमाच्याही आधी, उद्देशिकेतच, तीन राज्यांची नावे भेटतात : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला विषय. त्यावर संसदेला एरवी कायदा करता येत नाही. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ‘आमच्यासाठी तुम्ही करा’ असा ठराव केला, तरच अनुच्छेद २५२ची वाट खुली होते. ती या तिघांनी खुली केली. बाकीची राज्ये मग सवडीने, आपापले ठराव करून आत आली. आंध्र प्रदेशाने १९९५मध्ये स्वतःचा निराळा कायदा केला. अवयवदात्यांच्या आजच्या नोंदणीचे मूळ शोधू लागलो की या ठरावांपाशी येऊन थांबावे लागते.

खरे तर त्याच्याही मागे जाता येते. मुंबई राज्याने १९५७मध्येच नेत्रपटल रोपणाचा कायदा केला होता. पण डोळ्यांची गोष्ट वेगळी. हृदय थांबल्यावरही काही तास नेत्रपटल काढता येते, घरी येऊनही काढता येते. नातलगांनी होकार दिला, नेत्रपेढीला फोन केला की काम होते; मृताची इच्छा कुठे लिहून ठेवली आहे हे धुंडाळायची वेळ क्वचितच येते. हृदय आणि यकृताला ही सवलत नाही. मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले, श्वास यंत्रावर आणि रक्ताभिसरण अजून चालू, अशा थोड्या तासांतच ते काढावे लागतात. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा मेंदूमृत्यूला आपल्याकडे कायद्याची मान्यताच नव्हती. ती मिळायला पुढे सव्वीस वर्षे गेली.

आणि मिळाली तीही एका काळ्या धंद्यामुळे. ऐंशीच्या दशकात गरिबांची मूत्रपिंडे पैसे मोजून घेतली जात होती. हा बाजार बंद करणे ही १९९४च्या कायद्यामागची सर्वांत मोठी निकड होती. म्हणून त्यात विक्रीबंदी आहे, शिक्षा आहेत, रुग्णालयांची नोंदणी आहे. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावा, हेही त्यात आहे. दात्यांची नोंदवही मात्र नाही. माणसाने जिवंतपणी लेखी होकार द्यावा, दोन साक्षीदार असावेत, त्यांतला एक जवळचा नातलग असावा, एवढे कायद्याने सांगितले; तो कागद ठेवायचा कुठे, हे सांगितले नाही. लोकांनी उत्साहाने कार्डे भरली. ती कपाटात राहिली, पाकिटात राहिली, आणि अपघात झाला त्या रात्री अतिदक्षता विभागात कोणाला त्यांचा पत्ताच नसायचा.

अमेरिकेतही सुरुवात कार्डानेच झाली होती. तिथला १९६८चा नमुना कायदा काही वर्षांतच सर्व राज्यांनी स्वीकारला. सही केलेले कार्ड, दोन साक्षीदार, अडचणही तीच. २००६मध्ये तो नमुना नव्याने लिहिला गेला आणि त्यात दाता नोंदवहीचे स्वतंत्र कलम आले. राज्याला अशी वही उभारता येते किंवा दुसऱ्याकडून उभारून घेता येते. वाहनपरवाना देणाऱ्या खात्याने आपल्याकडचे होकार तिच्यात पोचवावेत. ती आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास पाहता यावी. त्यातली खासगी माहिती, त्या व्यक्तीच्या स्पष्ट संमतीशिवाय, होकार आहे की नाही हे पाहण्यापलीकडे कशालाही वापरू नये. मला यातली चोवीस तासांची अट सर्वांत मोलाची वाटते. मेंदूमृत्यू कार्यालयाच्या वेळेत होत नाही, हे ज्याने ओळखले त्याला अतिदक्षता विभाग ठाऊक होता.

आपल्याकडे नोंदवही आली ती २०११च्या दुरुस्तीने. या वेळी ठराव करणारी राज्ये होती गोवा, हिमाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल. महाराष्ट्राने दुरुस्ती नंतर स्वीकारली. कलम १३ड नुसार दाते आणि अवयव मिळालेले रुग्ण यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवणे हे केंद्र सरकारचे काम झाले. दुरुस्ती जानेवारी २०१४मध्ये लागू झाली आणि मार्चमध्ये नियम आले. यात एक बारकावा आहे. ही वही प्रत्यक्ष झालेल्या दानांची. ‘मला द्यायचे आहे’ म्हणणाऱ्यांसाठी नियमांनी नमुना ७ दिला. त्याच्या तीन प्रती : एक समन्वय संस्थेकडे, एक जिथे भरला त्या संस्थेत, एक स्वतःजवळ. होकार कधीही मागे घेता येतो. दुरुस्तीने आणखी एक चांगली गोष्ट केली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाने असा होकार दिला होता का, हे त्याला किंवा नातलगांना विचारणे डॉक्टरांचे कर्तव्य ठरवले; प्रत्यारोपण समन्वयकांच्या सल्ल्याने त्यांनी ते करायचे असते. आधी हा प्रश्न विचारायलाच माणसे कचरत.

झालेली दाने आणि दानाचे होकार यांखेरीज तिसरी वही आहे ती अवयवाची वाट पाहणाऱ्यांची, आणि आपल्याकडे सर्वांत भक्कम तीच आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) इथली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे ती सांभाळतात; मुंबईच्या केंद्राने तर ती राष्ट्रीय नोंदवहीच्या पुष्कळ आधीपासून सांभाळायला घेतली. एक यकृत मिळाले तर ते कोणाला, हा निर्णय रुग्णालयाच्या मर्जीवर न सोडता यादीवर सोपवणे ही फार मोठी गोष्ट होती. तमिळनाडूने २००८पासून शासकीय आदेशांच्या बळावर हेच करून दाखवले.

सप्टेंबर २०२३पासून राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या (नोटो) संकेतस्थळावर आधारच्या मदतीने दानाची प्रतिज्ञा नोंदवता येते. कपाटातला कागद अखेर एका जागी आला. तरीही नमुना ७च्या तळाशी एक टीप आहे : अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय आहे, म्हणून घरच्यांशी बोला. अमेरिकेच्या २००६च्या नमुन्यात प्रौढ दात्याचा होकार घरच्यांना रद्द करता येत नाही. आपल्याकडे प्रतिज्ञा असो वा नसो, नातलगांकडून संमतीचा नमुना ८ भरून घेतल्याशिवाय रुग्णालय पुढे जात नाही. नातलगांना वगळावे असे मी म्हणणार नाही. त्या घडीला त्यांच्या मनाविरुद्ध काही करणे क्रूरपणाच ठरेल. पण समन्वयक त्यांच्यासमोर बसतो तेव्हा माणसाने स्वतः नोंदवलेला होकार, तारखेसकट, त्याच्या हाती असायलाच हवा. रात्री दोन वाजता, जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयातही. यापुढच्या नियमदुरुस्तीत तेवढे एक वाक्य यावे.